सिस्टीम पुरे, आता गाणे

श्रोतेहो, नमस्कार. कोल्हापुरात गाण्याची आवड असलेल्या घरांत म्युझिक सिस्टीम बहुधा हौसेने, पैसे साठवून घेतलेली असते. मात्र हौसेला एकदा सुरुवात झाली की ॲम्प्लिफायर बदलल्यावर स्पीकर कमी पडतात, स्पीकर आणल्यावर वायर हलकी वाटू लागते, आणि बंदिशीची अस्थाई संपण्याआधीच ऐकणारा उठून बटणे फिरवू लागतो. हे कोठे थांबवावे, याविषयी आज बोलायचे आहे.

माझे मत असे की, साधारण बऱ्या सिस्टीमपर्यंत पोहोचलेल्या घरांत उणीव बहुतेकदा यंत्रात नसून खोलीत असते. मंगळवार पेठेतल्या एखाद्या घराची दहा-बारा फुटांची पुढची खोली डोळ्यांसमोर आणा. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, काचेचे कपाट आणि मधली जागा दिवाणाने अडवल्यामुळे कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर. कोपऱ्यातल्या स्पीकरचा खर्ज भिंतींमुळे फुगतो आणि डग्ग्याची घुमक गायकाच्या आवाजावर चढते. खोलीची लांबी ३ मीटर असेल, तर सुमारे ५७ हर्ट्झचा नाद त्या भिंतींमध्ये घुमत राहतो, आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो सर्वांत जास्त जाणवतो. महागडा ॲम्प्लिफायर हा त्यावरचा उपाय नव्हे. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत, ट्विटर, म्हणजे स्पीकरमधले उंच स्वर वाजवणारे छोटे भोंगे, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणावेत आणि फरशीवर जाड सतरंजी अंथरावी. एवढ्यानेही तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजता झंकार, गाण्याच्या मागे स्वच्छ ऐकू येऊ लागते. दिवाण हलवायला घरच्यांची परवानगी मिळवणे मात्र ज्याचे त्याने पाहावे.

वॉटच्या आकड्यांनीही फार भुलू नये. शक्ती दुप्पट केली तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. तो दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. शिवाय दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते, तेच कानाला सरस वाटते. म्हणून नवी वस्तू घेण्यापूर्वी दोन्हींचा आवाज समान करावा, कोणते यंत्र चालू आहे हे आपल्याला दिसू देऊ नये, आणि मग फरक सांगता येतो का ते पाहावे. पुष्कळदा तो सांगता येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही ध्वनिमुद्रिका १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. ते मुद्रण साडेतीन मिनिटांच्या आसपासचे आहे. मुद्रणात जे मुळात उतरलेच नाही, ते कोणत्याही सिस्टीमला काढून दाखवता येत नाही. बारीकसारीक सारे उघड करणारे स्पीकर लावले तर उलट जुनी खरखरच ठळक होते. त्या गाण्यातली तानेची फेक आणि समेवर येण्याची ऐट साध्या, नीट मांडलेल्या स्पीकरांवरही पुरेपूर पोहोचते.

दुरुस्तीचा खर्च मात्र या हिशेबात धरू नये. स्पीकरच्या पडद्याची कड फाटली असेल तर ती बदलून घ्यावी. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी सुई वेळच्या वेळी बदलावी, कारण झिजलेली सुई रेकॉर्डच्या खाचा खरवडते, आणि ते नुकसान नवी सिस्टीम आणूनही भरून निघत नाही.