एक हजार कोटींची रेघ आणि दीड हजार पडदे

मराठी सिनेमाला संध्याकाळचा शो मिळत नाही ही तक्रार आपण वर्षानुवर्षं ऐकतोय, २०१५ मध्ये तर राज्य सरकारला त्यात पडावं लागलं. पण मल्टिप्लेक्सवाल्यांच्या हातात एवढी ताकद आली कुठून हे बघायचं तर दिल्लीला जावं लागतं, बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगाकडे.

आधी २००९ बघू. हिंदी निर्मात्यांनी एकी केली आणि जवळपास दोन महिने मल्टिप्लेक्सना नवे सिनेमेच दिले नाहीत, भांडण होतं तिकिटाच्या कमाईतल्या वाट्याचं. मल्टिप्लेक्सची संघटना आयोगाकडे गेली आणि २०११ मध्ये आयोगाने निकाल दिला की ही कार्टेल आहे, एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी मिळून असा भाव ठरवायचा नाही. २७ निर्मात्यांना प्रत्येकी एक लाख दंड. रक्कम किरकोळ आहे हो, पण एकजुटीने वाटाघाट करायचा रस्ता निर्मात्यांसाठी बंद झाला.

आता समोरची बाजू. थिएटरवाल्यांनी एकत्र येऊन थेट एकच कंपनी केली तर? तर ती कार्टेल नाही, ते विलीनीकरण, आणि मोठं असेल तर आयोगाची आधी परवानगी लागते.

पीव्हीआरला हे चांगलं माहीत होतं. जून २०१५ मध्ये त्यांनी डीटी सिनेमाज या थिएटर साखळीचे ३९ पडदे ५०० कोटींना घ्यायचं जाहीर केलं. आयोगाने जवळपास वर्षभर छाननी केली, लोकांच्या हरकती मागवल्या, कारण प्रश्न अख्ख्या देशाचा नव्हता, दिल्लीच्या एकेका भागात प्रेक्षकाला दुसरं थिएटर उरतं का हा होता. मे २०१६ मध्ये परवानगी मिळाली पण साकेत आणि सावित्री ही दोन थिएटर्स वगळून, आणि सौदा ३२ पडदे, ४३३ कोटींवर आला. माझ्या मते कायद्याने काम कसं करावं त्याचं हे चांगलं उदाहरण आहे.

मग २७ मार्च २०२२. पीव्हीआर आणि आयनॉक्स एक होणार अशी घोषणा, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या नंबरची कंपनी, मिळून १०९ शहरांत १५४६ पडदे. (आयनॉक्सचं पहिलं मल्टिप्लेक्स २००२ मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झालेलं.) आणि या सौद्याला आयोगाची परवानगी लागलीच नाही!

कसं काय? तेव्हा नियम असा होता की जी कंपनी विलीन होतेय तिची भारतातली उलाढाल १००० कोटींपेक्षा जास्त नसेल तर सौदा आयोगाकडे न्यायची गरज नाही, आणि हिशेबाला धरायचं ते आधीचं आर्थिक वर्ष, म्हणजे २०२०-२१, लॉकडाऊनचं वर्ष, थिएटर्सना कुलपं लागलेली. एरवी हजार कोटींच्या बऱ्याच वर असणारी आयनॉक्सची उलाढाल त्या वर्षी शंभर कोटींच्या आसपास आली होती. पडदे तेवढेच, जागा त्याच, फक्त गल्ला रिकामा. यात बेकायदा काहीच नव्हतं, कंपन्यांनी महामारी आणि ओटीटीचं कारण दिलं आणि ते खरंही होतं, पण कुठल्याही मोठ्या कंपनीत सौद्याची वेळ ठरवताना वकील हा आकडा आधी तपासतातच.

कट्स या ग्राहक संस्थेने तक्रार केली. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ती फेटाळली, पुढे काहीतरी वाईट होईल एवढ्या भीतीवर चौकशी करता येत नाही म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये विलीनीकरण पूर्ण झालं.

त्याच वर्षी कायदा बदलला, नवा नियम लागू व्हायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं. १० सप्टेंबर २०२४ पासून सौद्याची किंमत २००० कोटींच्या वर असेल आणि त्या कंपनीचा भारतात पुरेसा धंदा असेल तर उलाढाल त्या रेघेखाली असली तरी आयोगाकडे जावंच लागतं. पण हा नियम नव्या सौद्यांना. पीव्हीआर-आयनॉक्सबद्दल आज एखाद्या मराठी निर्मात्याला आयोगाकडे जायचं असेल तर ताकदीचा गैरवापर झाला हे दाखवावं लागेल, त्यासाठी आधी या कंपनीचं बाजारात वर्चस्व आहे हे सिद्ध करायचं, मग शो नाकारणं हा गैरवापर कसा ते, आणि हे सगळं अशा कंपनीविरुद्ध जिच्या पडद्यांवर त्याला पुढचा सिनेमाही लावायचाय.