‘बल्की युटेरस’ लिहून आलंय? पिशवी काढायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. विषय नाजूक आहे, पण आपल्या सोलापुरात घरोघरी निघतो. पाळीत अंगावरून जास्त जातंय, ओटीपोट दुखतंय, म्हणून ताई सोनोग्राफी करतात. रिपोर्टात लिहून येतं, ‘बल्की युटेरस’. घरी आल्यावर विडी वळता वळता शेजारची मावशी सांगते, "पोरं झाली न्हवं? काढून टाक की पिशवी!"

अहो, बल्की म्हणजे पिशवी मोठी दिसतेय, एवढंच. ती का मोठी झाली, ते त्या शब्दात नाही. नेहमीची कारणं दोन: फायब्रॉइडची गाठ, नाहीतर अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे आतलं अस्तर पिशवीच्या स्नायूत शिरणं. आपल्या चादरीवरचं ठिगळ उसवून काढता येतं. सुटून सुतात पसरलेला रंग कसा काढणार? फायब्रॉइडला कड असते, त्यामुळे बऱ्याचदा पिशवी ठेवून गाठ तेवढी काढता येते. अ‍ॅडेनोमायोसिसला कड नसते. तिथे आधी गोळ्या किंवा तांबीसारखं बसवायचं हार्मोनचं साधन, असा विचार होतो.

सोनोग्राफीत या दोन्हींपैकी काय आहे ते स्पष्ट कळलं, तर एमआरआयची गरजच नाही. उगाच खर्च करू नका. पण चित्र धूसर असेल, गाठी पुष्कळ असतील किंवा ऑपरेशन ठरत असेल, तर एमआरआय कामाला येतो.

(स्क्रीनवर फोटो) हा एमआरआयचा फोटो, ‘टी-टू’ नावाच्या प्रकारातला, पिशवी बाजूने घेतलेली. मधली पांढरी पट्टी म्हणजे अस्तर. तिला लागून ही काळी किनार, जंक्शनल झोन. बाहेरचा करडा भाग स्नायूचा. काळी किनार 12 मिलिमीटरपेक्षा जाड आणि तिच्यात पांढरे ठिपके दिसले, की संशय अ‍ॅडेनोमायोसिसचा. फायब्रॉइड मात्र बहुतेक वेळा असा काळा, गोल, वेगळा उठून दिसतो.

2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या सर्रास काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारला समिती नेमावी लागली. म्हणून म्हणतो, "काढायची का?" याच्या आधी "कशामुळे?" हे विचारा.

आता एमआरआयची तयारी. आतडं हललं की फोटो हलतो, म्हणून काही तास उपाशी बोलावतात, कधी इंजेक्शनही देतात. मंगळसूत्र, बांगड्या, पदराची पिन, सगळं बाहेर. घट्ट बसलेली जोडवी तिथे ऐनवेळी निघत नाहीत, घरीच साबण लावून काढा. तांबी असली तरी सहसा चालतं, पण आधी सांगा. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, गरोदरपण, किडनीचा त्रास, यातलं काहीही लपवू नका. मशीन ठकठक मोठ्याने करतं. अर्धा-पाऊण तास पडून राहायचं. हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा. यात एक्स-रेचे किरण नसतात.

आणि रिपोर्टासोबत सीडी मागून घ्या. दुसऱ्या मतासाठी पुण्याला गेलात, तर तिथले डॉक्टर कागदाच्या आधी फोटो मागतील.