गंज जातो कुठे?

मंडळी, ऐन पावसाळ्यात रबाळ्याला येऊन गंजावर बोलायचं म्हणजे कोळीवाड्यात जाऊन मासळी ओळखायला शिकवण्यासारखं आहे. खाडी हाकेच्या अंतरावर. गाळ्याचं शटर दोन दिवस बंद राहिलं तरी लेथच्या बेडवर तांबूस झाक दिसते. त्यामुळे लेसरचं पिस्तूल फिरवलं की खालून चकचकीत लोखंड निघतं, ते रील तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेलं असणार. आमच्या हेल्परनं ते बघितलं आणि मला विचारलं, "काका, पण गंज जातो कुठे?" मशीन विकायला आलेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. आज त्यावरच बोलतो.

आधी तो सुटतो कसा ते बघू. १९५८ मध्ये चार्ल्स टाउन्स यांच्याबरोबर लेसरचा सिद्धांत मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ आर्थर शॉलो यांनी पुढे गमतीनं एक 'लेसर खोडरबर' सुचवला होता. टाइप केलेल्या अक्षरावर झोत मारायचा. काळी शाई प्रकाश पिऊन उडून जाते, पांढरा कागद तो परत फेकतो आणि शाबूत राहतो. आपल्या मशीनचं मर्म तेच. फायबर लेसरचा प्रकाश १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा. गंज तो भरपूर शोषतो, खालचं स्वच्छ पोलाद बराचसा परत फेकतं.

आता पल्स मशीन, म्हणजे झोत तुटक झटक्यांत सोडणारं, आणि सलग झोताचं मशीन यांतला फरक. १ मिलिज्यूल म्हणजे काहीच नाही, पण ती ऊर्जा १०० नॅनोसेकंदांत सोडली तर तेवढ्या क्षणापुरती शक्ती १० किलोवॉट होते. गंजाचा थर वाफ होऊन, फुटून उडतो आणि उष्णता खाली मुरायला वेळच मिळत नाही. सलग झोताच्या मशीनवर वॉट मोठे लिहिलेले असतात, किंमतही त्या मानानं कमी. मीही भुललो होतो. भाड्यानं १५०० वॉटचं आणलं आणि १ मिलिमीटरच्या पत्र्याचं कव्हर साफ करायला घेतलं. गंज गेला, कव्हर निळं पडलं आणि पापडासारखं वाकलं. गिऱ्हाइकाला नवीन करून द्यावं लागलं. जाड चॅनल, बीम असेल तर ते मशीन चालतं. मोल्ड, डाय, गिअर यांच्या जवळपास ते आणू नका.

तर, गंज जातो कुठे? हवेत जातो. त्याचा धूर आणि बारीक धूळ होते आणि शोषून घेणारा पंखा-फिल्टर तोंडाशी नसेल तर ती तुमच्या पोराच्या छातीत जाते. नुसता गंज असेल तर एक वेळ ठीक, पण रंग असेल तर आधी रंगाची जात विचारा. आपल्याकडे लाल प्रायमर दिसला की सगळे 'रेड ऑक्साइड' म्हणतात. तो लोहाचा. पण जुन्या गेटवर, टाकीवर, पुलाच्या तुकड्यावर रेड लेड असू शकतं, म्हणजे आपला शेंदूर, निव्वळ शिशाचं संयुग. तो लेसरनं उडवणं म्हणजे शिसं हवेत उधळणं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा जस्ताचा धूर रात्री हुडहुडी भरवून ताप आणतो. वेल्डिंगवाल्यांना हे सांगायला नको.

सँडब्लास्टिंगमध्ये, म्हणजे वाळूचा मारा करून साफ करताना, तिच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग होतो म्हणून लोक इकडे वळतात, आणि तो मुद्दा खरा आहे. तुर्भ्याला, महाप्याला टायर आणि रबराचे मोल्ड साफ करणाऱ्यांना तर मी लेसर डोळे झाकून घ्या म्हणेन. डोळे झाकून म्हणालो, पण चष्मा लावून! झोत दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि चकचकीत जॉबवरून परतलेला किरणही डोळ्यातल्या पडद्याला भोक पाडतो. वेल्डिंगची काळी काच चालत नाही. चष्मा तुमच्या लेसरचा प्रकाश, म्हणजे १०६४ नॅनोमीटरच्या आसपासचा, अडवणारा हवा आणि ते त्यावर छापलेलं हवं.

मोठ्या स्ट्रक्चरला मात्र मी अजून ब्लास्टिंगच करून घेतो. कारण रंगाला धरायला खरखरीत दात लागतात. ब्लास्टिंगनं ते पडतात, लेसर ते नव्यानं पाडत नाही. आधीचे असले तर उघडे करतो, इतकंच. गुळगुळीत पट्टीवर जाड इपॉक्सी रंग मारलात तर सालीसारखा सुटेल.

शिवाय साफ झालेलं लोखंड उघडंच असतं. त्याला इथली हवा लागली की काय होतं, ते सांगत बसत नाही. मागच्या टेबलावर एकाच पट्टीचे दोन तुकडे ठेवलेत. दोन्ही काल संध्याकाळी लेसरनं साफ केले. एकाला लगेच प्रायमर मारला, दुसरा रात्रभर तसाच खिडकीत ठेवला. चहा घेताना बघून घ्या.