हे १६२ आलं कुठनं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘धातूच्या मालाचं वजन कसं काढायचं’, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात हा विषय सांगायचा म्हणजे समोरच्या निम्म्या लोकांना सूत्रं तोंडपाठ आहेत. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, भागिले १६२, एका मीटरचं वजन किलोत आलं. १२ मिलिचा गज, १४४ भागिले १६२, ८८९ ग्रॅम. शिरोलीला जावा, गोकुळ शिरगावला जावा, कुठल्याही शेडमधलं पोरगं हे सांगतंय. पण त्यालाच विचारा की बाबा हे १६२ आलं कुठनं, की लगेच मोबाईल काढतंय. माझं वर्षानुवर्षं हेच म्हणणं आहे की हा आकडा ज्याला फोडता येतो त्याला वजनात फसवणं अवघड, आणि ज्याला येत नाही तो वजनाच्या चार्टवर जे छापलंय त्याच्यावर सही करून मोकळा होतो.

एक किस्सा सांगतो, जरा लांबेल, पण तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. एका शेडचं काम होतं, ५० बाय ५० चा चौकोनी पाइप, ३ मिलि जाडीचा, ६ मीटरचे ४० नग. सप्लायरचं नाव घेत नाही. माल नगावर मोजून आला, बिल चार्टच्या वजनानं. पोरं गाडीतनं उतरवत होती तेव्हाच मला पाइप हलका वाटला, इतकी वर्षं हाताळल्यावर हाताला कळतंच की. जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर टोकाला बरोबर ३ दाखवतोय! का? कटिंगची बर, म्हणजे कापताना कडेला उठलेला धातूचा काठ. कापलेल्या टोकाला बर आत वळलेली असते आणि व्हर्नियर तिच्यावर बसतो, त्यामुळं कानस मारून टोक साफ केल्याशिवाय जाडी मोजायचीच नाही, आयटीआयची पोरं आलीयत त्यांनी हे लिहून घ्या. बर काढली, अडीच मिलि. सप्लायर म्हणतो, अहो अण्णा, तुमचा व्हर्नियर जुना झाला असंल. म्हटलं बरं, व्हर्नियर राहू दे. एक फुटाचा तुकडा कापला, त्याच्यादेखत शेजारच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवला. ३ मिलिचा असता तर १ किलो ३५० ग्रॅमच्या आसपास भरायला पाहिजे. भरला १ किलो १४०. दुकानदार पण बघाय लागला काय चाललंय ते. आता ४० नगांचा हिशोब करा, १६७ किलो लोखंड बिलात होतं आणि गाडीत नव्हतंच.

कुणी म्हणेल टॉलरन्स असतो, म्हणजे मापात थोडं कमी-जास्त चालतं. असतो की, असायलाच पाहिजे, रोलिंगमध्ये थोडं कमी-जास्त होतंच. टीएमटी गजाचं घ्या, आयएस १७८६ या भारतीय स्टँडर्डमध्ये लिहूनच दिलंय, १० मिलिपर्यंत ७ टक्के, त्यावर १६ पर्यंत ५, त्याच्या वर ३. पाइपाचं स्टँडर्ड वेगळं, पण कुठल्याही टॉलरन्समध्ये १५ टक्क्यांची घट बसत नाही. आणि टॉलरन्स दोन्ही बाजूंनी असतो, मग आमच्या वाट्याला कायम वजाच का येतो?

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात भलेभले गोंधळतात. काट्यावर वजन करून माल घेतला तर पातळ पाइपात तुमचं पैशाचं नुकसान नाही, उलट तेवढ्याच किलोत मीटर जास्त मिळतात. पण ताकद कमी, म्हणजे नुकसान गिऱ्हाइकाचं, आणि शेडला काही झालं तर नाव तुमचं. नगावर घेऊन चार्टनं पैसे दिले तर मात्र थेट तुमच्या खिशातनं जातात. आणि जाड माल आला न् पैसे काट्यानं दिले, तर कोटेशन चार्टवर केलेलं असल्यामुळं तुम्ही तोट्यात. म्हणून दोन्ही वजनं काढायची, सूत्राचं पण आणि काट्याचं पण, आणि फरक डिलिव्हरी चलनावर तिथल्या तिथं लिहायचा.

चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं राहिलीत म्हणे. चला, मूळ विषय पटापट घेतो.

स्टीलची घनता ७.८५, म्हणजे एका घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. एक चौरस मीटर पत्रा, एक मिलि जाड, वजन ७.८५ किलो, एवढं एकच पाठ करा. २५०० बाय १२५० ची ६ मिलिची प्लेट म्हणजे अडीच गुणिले सव्वा गुणिले ६ गुणिले ७.८५, साधारण १४७ किलो. चौरस बार, बाजूचा वर्ग गुणिले ०.००७८५. गोल असेल तर त्यालाच पाय (π) भागिले ४ लावा, ०.००६१६५ येतं, आणि एकाला त्यानं भागलं की १६२. हे तुमचं १६२! आता अॅल्युमिनियमला तेच १६२ वापरणाऱ्याला काय म्हणायचं? अॅल्युमिनियम २.७, म्हणजे स्टीलच्या उत्तराच्या साधारण तिसरा हिस्सा. तांबं ८.९६, पितळ साडेआठच्या आसपास, आणि फौंड्रीवाल्यांनो, तुमचं कास्ट आयर्न ७.२ धरा, ७.८५ नाही.

गोल पाइप, बाहेरचा व्यास वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.०२४६६. अँगल, म्हणजे काटकोनात वळलेली पट्टी, दोन्ही बाजूंची बेरीज वजा जाडी, गुणिले जाडी, गुणिले ०.००७८५. गंमत बघा, ५०-५०-६ चा अँगल आणि ५०-५०-३ चा चौकोनी पाइप, दोन्ही मीटरला ४.४३ किलोच येतात. चार्टमध्ये अँगल ४.५ दिसतो कारण आतल्या कोपऱ्यात गोलाई भरलेली असते, आणि पाइपाचे कोपरे बाहेरनं गोल म्हणून तो किंचित कमी भरतो.

व्यास वर्गात जातो हे विसरू नका. जुनी माणसं १२ च्या गजाला चार सूत म्हणतात, पण चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलि, वजनात १२ टक्के फरक पडला. लेथवर टर्निंग करणाऱ्यांनी ५० च्या जॉबला ५२ चा बार घेतला की माल ८ टक्के वाढला, तो रेटमध्ये धरा.

काय दादा, चेकर्ड प्लेट? साध्या प्लेटच्या सूत्रानं काढायची आणि वर उठलेल्या नक्षीचं वजन चार्टमधनं मिळवायचं, जाडी मोजताना व्हर्नियर नक्षीवर न ठेवता मधल्या सपाट जागेवर ठेवायचा.