‘पासून’ दिसलं की सिन्स लिहिता? इंग्रजीचे गुण इथे जातात | तलाठी आणि सरळसेवा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: ‘सर, वाक्य वाचल्यावर बरोबर वाटतं, आणि उत्तर चुकतं. असं का होतं?’ आज फक्त याबद्दलच बोलू.

आधी पेपरचं पटकन सांगतो. तलाठी भरती २०२३ ला १०० प्रश्न होते, २०० गुण आणि दोन तास. त्यात इंग्रजीचे २५ प्रश्न, म्हणजे ५० गुण. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. उताऱ्याला जास्त वेळ लागणारच, म्हणून व्याकरणाचा प्रश्न ३०-४० सेकंदांत हातावेगळा व्हायला हवा. नाउन, व्हर्ब, आर्टिकल यांच्या व्याख्या आज घेत नाही, त्या तुमच्याकडच्या कुठल्याही पुस्तकात सुरुवातीलाच आहेत.

आता मुद्दा. वाक्य ‘बरोबर वाटतं’ ते कानाला, आणि आपला कान मराठीत तयार झालाय. मराठीत आपण ‘सोमवारपासून’ म्हणतो आणि ‘दोन वर्षांपासून’ही म्हणतो. दोन्हीकडे ‘पासून’च. इंग्रजीत मात्र तिथे दोन वेगळे शब्द लागतात, सिन्स आणि फॉर. म्हणून ‘सिन्स टू इयर्स’ आपल्या कानाला खटकत नाही. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

क्लासमध्ये सांगतात, ‘पॉइंट ऑफ टाइम असेल तर सिन्स, पिरियड ऑफ टाइम असेल तर फॉर.’ नियम बरोबर आहे, पण घाईत आठवत नाही. त्यापेक्षा मराठीतच तपासा. ‘पासून’ काढा आणि तिथे ‘झाले’ किंवा ‘झाली’ घालून बघा.

[पडद्यावर: दोन वर्षं झाली शिकतोय ✓ / सोमवार झाला शिकतोय ✗]

‘दोन वर्षं झाली शिकतोय’ जमलं, तर फॉर. ‘तीन तास झाले वाट बघतोय’, फॉर. ‘बरेच दिवस झाले’, फॉर. ‘सोमवार झाला शिकतोय’ असं कुणी म्हणत नाही, तर सिन्स. ‘लहानपण झालं ओळखतो’ म्हणत नाही, सिन्स. २०१९, सकाळ, काल, गेला महिना: सगळीकडे सिन्स.

इथे बरेचजण थांबतात, आणि अर्धी चूक तशीच राहते. एक वाक्य बघा, चार तुकड्यांत दिलेलं. चूक कोणत्या तुकड्यात आहे ते शोधायचं.

[पडद्यावर: ही इज वर्किंग / इन धिस ऑफिस / सिन्स २०१९ / नो एरर]

मागच्या व्हिडिओच्या कमेंटमध्ये या वाक्यासाठी निम्म्या लोकांनी तिसरा तुकडा निवडला होता, कारण सिन्स दिसला की संशय त्याच्यावरच जातो. पण ‘२०१९ झालं’ बसत नाही, म्हणजे सिन्स बरोबर आहे. चूक पहिल्या तुकड्यात आहे. मराठीत ‘तो २०१९ पासून काम करतोय’ हा साधा चालू काळ. इंग्रजीत आधी सुरू झालेलं काम आजही चालू असेल तर हॅज बीन वर्किंग किंवा हॅज वर्क्ड लागतं. सवय अशी लावा: सिन्स किंवा फॉर दिसला की डोळा आधी मागे क्रियापदाकडे गेला पाहिजे. आणि नो (म्हणजे ओळखणं, माहीत असणं), लाइक, बिलीव्ह अशा क्रियापदांना बीन आणि आयएनजी जोडू नका. ‘आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स’ बरोबर, ‘हॅव बीन नोइंग’ चूक.

पुढच्या वाक्यात तर नियम मोडल्यासारखा वाटतो: ‘इट इज टेन इयर्स सिन्स ही लेफ्ट द व्हिलेज.’ दहा वर्षं आहेत, मग सिन्स कसा? सिन्सच्या पुढे बघा. पुढे दहा वर्षं नाहीत, ‘ही लेफ्ट’ आहे, गाव सोडल्याचा क्षण. शब्द ज्याच्या आधी येतो तेच तपासायचं. आणि ‘सिन्स इट वॉज रेनिंग, वुई स्टेड होम’ मध्ये सिन्सचा अर्थ ‘कारण’, तिथे ही सगळी तपासणी लावूच नका.

उताऱ्यातही हेच पुन्हा भेटतं. समजा वाक्य आहे, ‘बाय द टाइम द ब्रिज ओपन्ड इन १९९०, द फेरी हॅड बीन रनिंग फॉर थर्टी इयर्स.’ प्रश्न: फेरी कधी सुरू झाली? पर्यायांत १९६० असतो आणि २०२०ही असतो. हॅड बीन म्हणजे पुलाच्या आधीची गोष्ट, म्हणून ३० वजा करायचे. उत्तर १९६०. ज्याने हॅड वगळून वाचलं तो २०२० वर खूण करतो. म्हणून उताऱ्याचे प्रश्न आधी वाचा, त्यातल्या नॉट आणि एक्सेप्टवर लक्ष ठेवा, मग उतारा. उत्तर उताऱ्यात लिहिलंय त्यावरूनच द्यायचं, तुम्हाला बाहेरून काय माहीत आहे त्यावरून नाही. ही चूक हुशार मुलं जास्त करतात, आणि ते बघून खरंच वाईट वाटतं.

शब्दसंग्रहाचं थोडक्यात. रोज ५० शब्द पाठ करू नका. आठ-दहा घ्या, प्रत्येक शब्द एका वाक्यात लिहा. हार्डलीचा अर्थ बरेचजण ‘कष्टाने’ धरतात, पण ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. वाक्यात लिहिलं असतं तर हे तेव्हाच लक्षात आलं असतं. आणि एनएआरवाय शेवटी असलेला स्टेशनरी म्हणजे स्थिर, एनईआरवाय असलेला म्हणजे वह्या-पेनं.

सरावाला जुने पेपर घ्या. २५ प्रश्न, २५ मिनिटं, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नंतर चुकलेला प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी लिहा की मराठीतल्या कोणत्या शब्दाने फसवलं. योग्य उत्तर तेवढं लिहून वही मिटलीत, तर पुढच्या रविवारी तोच प्रश्न पुन्हा चुकेल.

आता तीन वाक्यं देतो. कोणता तुकडा चूक आणि का, दोन्ही कमेंटमध्ये लिहा. नुसतं ‘अ’ किंवा ‘ब’ लिहिलेलं उत्तर मी तपासणार नाही.

[पडद्यावर]
१. शी इज लिव्हिंग / इन नाशिक / फॉर सिक्स मंथ्स / नो एरर
२. आय हॅव नॉट सीन हिम / सिन्स / थ्री वीक्स / नो एरर
३. इट हॅज बीन अ यिअर / सिन्स / वुई मेट / नो एरर