फ्रिजच्या दारातला ड्रॉप

[दृश्य: फ्रिजचं दार उघडतं. अंड्यांच्या कप्प्यात एक छोटीशी पांढरी बाटली.]

हा आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरचा फ्रिज. वर काल रात्रीचं हुमण, म्हणजे मासळीची आमटी, खाली भाजी, आणि दारात ही बाटली. ही आजीची. फेब्रुवारीत तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाचा ड्रॉप, पहिला आठवडा ६ वेळा, मग ५, मग ४ असा छापील कागद मिळाला होता तो अजून फ्रिजला चिकटलेला आहे. ड्रॉप उरला. आणि आमच्याकडे उरलेली वस्तू टाकायची म्हणजे पापच की.

हा सुंगट. पग कुत्रा आहे. सुंगट म्हणजे कोळंबी, झोपला की अस्सा गोल होतो म्हणून आजीने नाव ठेवलं.

[दृश्य: सुंगट बलकांवात (ओसरीवर) झोपलाय. एक पापणी पूर्ण मिटलेली नाही.]

इथे जरा थांबून त्याचा डोळा बघा. झोपलाय, तरी खालून बुबुळ दिसतंय. पग, शिह त्झू, अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याची खोबण उथळ असते, डोळा बाहेर येतो, पापणी नीट मिटत नाही, आणि वर बुबुळाची संवेदना पण इतर कुत्र्यांपेक्षा कमी. म्हणजे ओरखडा लागला तरी हे साहेब बराच वेळ काही बोलणारच नाहीत.

गेल्या चवथीची गोष्ट. दीड दिवसाचा गणपती पोचवला, तिसऱ्या दिवशी घरात परत मासळी आली आणि मासळीमागून शेजारचं मांजर. भांडण असं झालंच नाही, एक पंजा, बस. संध्याकाळी सुंगट डोळा बारीक करून बसला, पाणी येत होतं. सणाचे दिवस, दवाखाना बंद, आणि आई म्हणाली आजीचा ड्रॉप आहे ना, डोळ्याचाच आहे. मीच घातला, दुसऱ्या कोणाला नावं ठेवायला नकोत.

दोन दिवस डोळा छान दिसला. लाली गेली, पाणी कमी झालं, आम्ही खूश.

पाचव्या दिवशी सकाळी डोळ्यावर पेजेची साय धरावी तसं काहीतरी होतं. राखाडी, बुळबुळीत, मधे थोडं लोंबणारं.

[दृश्य: डॉक्टरांचं टेबल. केशरी टोकाची कागदी पट्टी, निळा टॉर्च.]

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय घातलंस गो ह्याच्यात?" मी बाटली दाखवली. त्यांनी बारीक अक्षरं वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यात दोन औषधं होती, मॉक्सिफ्लॉक्सॅसिन हे ॲन्टिबायोटिक आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. ऑपरेशननंतर डोळ्याची सूज उतरवायला स्टिरॉइड लागतं, ते बरोबरच आहे. पण बुबुळावर उघडी जखम असताना तेच स्टिरॉइड जखम भरू देत नाही, आणि बुबुळ विरघळवणारी जी एन्झाइम असतात त्यांना उलट मोकळं रान देतं. लाली गेली होती ती जखम बरी झाली म्हणून नाही, आरडाओरडा बंद केला होता म्हणून.

ही केशरी पट्टी म्हणजे फ्लुओरेसिन. ओली करून डोळ्याला लावली की रंग पसरतो आणि निळ्या उजेडात जिथे वरची कातडी निघालीय तिथे हिरवं चमकतं. सुंगटच्या बुबुळावर मसुराच्या डाळीएवढा हिरवा डाग होता.

आता हे बुबुळ, म्हणजे पुढची पारदर्शक काच, कॉर्निया. कुत्र्यात जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, थोडी जास्त. ह्यात रक्तवाहिन्या नसतात, असत्या तर आरपार दिसलं नसतं. पण त्यामुळेच इथे लढायला रक्त लगेच येत नाही आणि पोटात घेतलेली गोळी पण धड पोचत नाही, ड्रॉपच लागतो. साधा वरवरचा ओरखडा असेल तर आठवड्याच्या आत भरून येतो. आत जंतू शिरले की खेळ तासांवर येतो, कारण काही जंतू आणि त्यांना मारायला आलेल्या पांढऱ्या पेशी, दोघंही कोलॅजन खाणारी एन्झाइम सोडतात आणि काच जेलीसारखी वितळायला लागते. एक-दोन दिवसांत डोळा फुटू पण शकतो.

डॉक्टरांनी कापसाच्या काडीने जखमेच्या कडेचा नमुना घेतला. एक काचेवर पुसून रंग देऊन तिथेच मायक्रोस्कोपखाली, दुसरा पणजीच्या लॅबला. काचेवर दिसले ते गोल जंतू, द्राक्षाच्या घोसासारखे. काडीसारखे असते तर सुडोमोनासचा संशय आला असता, तो तर महाबिलंदर, औषध आत शिरलं की पंप लावून बाहेर फेकतो.

(सुडोमोनासवरून आठवलं, २०२३ मध्ये अमेरिकेत साध्या कृत्रिम अश्रूंच्या ड्रॉपमधून असाच औषधांना न जुमानणारा सुडोमोनास पसरला होता, तो ड्रॉप बनलेला आपल्या भारतात. ८१ माणसं, १८ राज्यं, ४ मृत्यू, १४ जणांची नजर गेली. बाटलीचं टोक डोळ्याला टेकवून परत फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी, म्हणजे मी, हे वाचून जरा गप्प बसायला हरकत नाही.)

[दृश्य: लॅबची गोल प्लेट. पांढरट थरावर छोट्या कागदी चकत्या.]

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. ही प्लेट नीट बघा. प्रत्येक चकतीत एक औषध. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, जंतू तिथे वाढतच नाहीत. आमच्या प्लेटवर बहुतेक चकत्यांना जंतू अगदी चिकटून वाढलेले. जंतूचं नाव स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस, कुत्र्यांच्या कातडीवर राहणारा अगदी घरचाच प्राणी, वेगळी जात म्हणून ओळखला गेला २००५ मध्ये. आमचा होता त्याचा मेथिसिलिनला (पेनिसिलिनच्याच घरातलं औषध) न जुमानणारा भाऊ, एमआरएसपी. ह्याच्याकडे मेकए नावाचं जीन असतं, त्यामुळे पेनिसिलिन जिथे जाऊन चिकटतं ते कुलूपच बदललेलं असतं. पेनिसिलिनचा अख्खा खानदान बाद, सेफॅलेक्सिन पण.

मी सगळ्यांना सांगत सुटले होते की आमच्या ड्रॉपने जंतू बिघडवला. डॉक्टर म्हणाले चार दिवसांत एवढं होत नाही, हा तयार होताच. मग फाइल उघडली. वर्षभरात दोनदा सुंगटच्या नाकावरच्या घडीत इन्फेक्शन, दोनदा सेफॅलेक्सिनचा कोर्स, आणि दोन्ही वेळा खाज थांबली म्हणून आम्ही मधेच बंद केलेला. जे मरायचे ते साधे जंतू मेले, हे उरले, ऐसपैस जागा मिळाली. गोळ्यांच्या पाकिटावर ती लाल पट्टी असते, २०१६ पासून सरकार सांगतंय की ही बघितली की डॉक्टरला विचारा. आम्ही त्या पट्टीवरून गोळी शोधायचो, लाल पट्टीवाली कुठेय गो म्हणून.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. रिपोर्टमध्ये "आर" (रेझिस्टंट, म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही) आलं म्हणजे तो ड्रॉप शंभर टक्के फुकट असं नसतं. लॅबचे आकडे रक्तात किती औषध पोचतं त्यावर बेतलेले असतात, आणि ०.५ टक्के ड्रॉप म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम, रक्तापेक्षा कितीतरी पट. म्हणून डॉक्टर कागदाबरोबर डोळा पण बघतात. सुंगटच्या डोळ्याने पण कागदासारखंच उत्तर दिलं होतं, ड्रॉप घालूनही तो बिघडलाच होता.

स्वच्छ मोठा गोल होता तो क्लोरॅम्फेनिकॉलभोवती. १९४७ चं औषध! लहानपणी डोळे आले की आई ती ॲप्लिकॅप टोचून डोळ्यात पिळायची ना, तेच. महागडं नवं हरलं आणि आजोबा कामाला आले. ह्याचा अर्थ आता उठसूट तेच घाला असा नाही, सुडोमोनासवर ते चालतच नाही.

[दृश्य: रात्र. मोबाइलचा अलार्म. गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घातलेला सुंगट.]

पहिले चार दिवस दर दोन तासांनी. दोन वेगवेगळ्या ड्रॉपमध्ये पाच-दहा मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. आधी हात धुवा, नंतर पण धुवा, हा जंतू माणसाकडे क्वचित पण येतो. बाबा रात्री २ ची पाळी करायचे आणि भोंग्यात तोंड घालून सुंगटशी पोर्तुगीजांच्या काळातल्या गोष्टी बोलायचे, ते आम्ही शूट करायचं विसरलो.

सातव्या दिवशी बुबुळाच्या कडेने लाल धागे आत यायला लागले आणि मी घाबरून फोन केला. डॉक्टर हसले. रक्तवाहिन्या येतायत, येऊ दे, दिवसाला साधारण एक मिलिमीटर चालतात. जिथे कधी रक्त नव्हतं तिथे मदत पोचत होती.

[दृश्य: सुंगटचा डोळा, जवळून. मधे ढगासारखा पांढरा डाग.]

डोळा राहिला. डाग आहे, त्या बाजूने मांजर आलं तर त्याला उशिरा कळतं.

[दृश्य: परत फ्रिजचं दार. अंड्यांच्या कप्प्यात पिवळसर पाण्याची बाटली.]

हे फुटेज त्याच आठवड्यातलं. ही बाटली वेगळी आहे. डॉक्टरांनी सुंगटच्याच पायातून रक्त काढून, फिरवून, वरचं सीरम ड्रॉपर बाटलीत भरून दिलं होतं, त्यात ती वितळवणारी एन्झाइम आवरणारे घटक असतात. काही दिवसांनी फेकून नवं घ्यायचं. वर मार्करने तारीख आणि "सुंगट" लिहिलंय.

आजीने ती उजेडात धरून बघितली आणि विचारलं, "हे सुंगटाचं हुमण काय गो?"