घोट्याची दुर्बीण: टाके दोन, पण आत काय केले?

दुर्बिणीतून ऑपरेशन म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला: टाके किती? घोट्याला बहुधा दोन छेद, प्रत्येकी एक-दोन टाके. छेद अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास. पण घरी किती दिवस बसायचे हे टाके मोजून कळत नाही. ते आत काय केले यावर ठरते, आणि नेमके तेच विचारायचे राहून जाते.

घोटा हा अडचणीचा सांधा. वरून नडगीचे हाड, बाहेरून शेजारचे बारीक हाड, आणि त्यांच्या खाचेत घट्ट बसलेले टॅलस नावाचे हाड. १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली आणि घोटा यासाठी योग्य नाही, असे लिहून ठेवले. तेव्हाच्या दुर्बिणीला आत जागाच नव्हती. आजची २.७ किंवा ४ मिलिमीटर जाडीची असते आणि तिची नजर ३० अंशांनी तिरकी असते. त्यामुळे ती जागच्या जागी फिरवली तरी कोपऱ्यातले दिसते.

गोव्यात या ऑपरेशनची गाठ बऱ्याचदा फुटबॉलमुळे पडते. चेंडू पुन्हा पुन्हा घोट्याच्या पुढच्या बाजूवर आदळतो, पाय मुरगळत राहतो, आणि नडगीच्या खालच्या कडेला व टॅलसच्या मानेवर हाडाचे टोक वाढते. उकिडवे बसताना किंवा चढ चढताना समोर टोचते. ते टोक तासून काढले की चांगला गुण येतो, पण बाकीचा सांधा शाबूत असेल तरच. कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरचा गुळगुळीत थर, सगळीकडे झिजली असेल तर नुसत्या साफसफाईने फारसे काही साधत नाही. आणि दुखते आहे तर आत घालून बघू या, हे कारण पुरेसे नाही. आधी उभे राहून काढलेला एक्स-रे आणि गरजेप्रमाणे एमआरआय. काय करायचे ते ठरवूनच आत जायचे.

भूल बहुतेक वेळा कमरेतून. जेवण सहा तास आधी बंद, साधे पाणी दोन तास आधीपर्यंत चालते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. मांडीला रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा बांधतात. पावलाला दुसरा पट्टा अडकवून सांधा हलकेच ओढतात, म्हणजे दोन-चार मिलिमीटर फट पडते. मग सुईने १५-२० मिलिलिटर सलाइन भरून सांधा फुगवतात.

आता खरी नाजूक जागा. पहिला छेद घोट्याच्या पुढच्या जाड कंडरेच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) आतल्या बाजूला, दुसरा घोट्याच्या पुढेच, पण बाहेरच्या कडेला. या बाहेरच्या छेदाजवळूनच पावलाच्या वरच्या भागाला संवेदना देणारी नस जाते, आणि तिची वाट प्रत्येकात थोडी वेगळी. पाऊल खाली व आत वळवले की बारीक अंगाच्या माणसात ती त्वचेखाली दोरीसारखी दिसते. भूल देण्याआधी ती पेनने आखून घेतलेली बरी. सुरी फक्त त्वचेपुरती. पुढची वाट बोथट चिमट्याने उकलायची. एवढे करूनही या ऑपरेशनात सर्वांत जास्त आढळणारी तक्रार नसेचीच: पावलावर बधिरपणा, चादर घासली तरी झिणझिण्या. बहुतेकांच्या काही महिन्यांत ओसरतात, काहींच्या राहतात. संमतिपत्रावर सही करण्याआधी हे ऐकलेले असावे.

टॅलसच्या मागे काम असेल तर रुग्णाला पालथे झोपवून टाचेच्या कंडरेच्या दोन्ही बाजूंनी आत जातात.

हाडाचे टोक किंवा सांध्याचे सुजलेले अस्तर काढले असेल तर बहुधा पहिल्याच आठवड्यात सोसेल तसा पाय टेकवतात, आणि मैदानावर परतायला दीड ते तीन महिने लागतात. कूर्चेचा तुकडा सुटला असेल तर गोष्ट वेगळी. तो काढून खालच्या हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतराने बारीक छिद्रे पाडतात; त्यातून आलेले रक्त गोठते आणि त्याची कूर्चेसारखी खपली तयार होते. ती मूळ कूर्चेइतकी दणकट नसते. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान जखमेला हा उपाय बरा चालतो. पण पुढचे काही आठवडे, बहुतेक ठिकाणी चार ते सहा, कुबड्या. आणि खेळ चार-सहा महिन्यांनी. बाहेरून टाके तेच दोन! म्हणून घरी जाताना कार्डावर आत काय केले ते नीट लिहून घ्या.

पहिल्या रात्री पट्टीवर लालसर पाणी दिसते. आत भरलेले सलाइन पाझरते. पट्टी लाल रक्ताने भिजत राहिली तर मात्र फोन करायचा. पाय स्टुलावर ठेवणे म्हणजे उंच ठेवणे नव्हे. आडवे होऊन पोटरीखाली उशा, पाऊल छातीपेक्षा वर, निदान तीन-चार दिवस. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. छेदातून पाणी थांबतच नाही, ताप आला, पोटरी दुखून फुगली तर वाट पाहू नका. दम लागला तर तसेच इमर्जन्सीत जा.

पावसाळ्यात ऑपरेशन असेल तर बाल्कांवच्या (घरापुढच्या ओसरीच्या) शेवाळलेल्या पायऱ्या आधी घासून घ्या आणि कुबड्यांचे रबर झिजलेले नाही ना ते बघा. चढताना चांगला पाय आधी. उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. टाके निघून जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्र नको, शेताचा चिखलही नको. मासे खाल्ले की जखम पिकते, असे घरोघरी सांगतात. त्याला आधार नाही. हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी आणि भात, खुशाल जेवा.

उजवा पाय असेल तर, पायाला आधाराचा बूट दिला असेल तर तो निघून ब्रेक जोरात दाबता येईपर्यंत गाडी नाही. आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ असेल तर आरतीला खुर्ची घ्या. मांडी घातली की घोट्याची बाहेरची बाजू जमिनीवर दाबते, आणि ती नस तिथेच आहे.